आधी अंगण

परवा आमच्या शेजाऱ्यांनी हिवाळ्यासाठी लाकडं आणली आणि घराच्या मागच्या भिंतीला चिकटून छान रचून ठेवली. इथे उत्तरेकडच्या नोव्हाय गावात त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. इथली हवा अशी की पापडसुद्धा डब्यात मऊ पडतात. तरीही माझे हात शिवशिवायला लागले. जावं, ती लाकडं उचलावीत आणि पार कुंपणाशी नेऊन टाकावीत, असं इतकं वाटलं की मी चहाचा कप घेऊन पुढच्या खोलीत जाऊन बसले. हे खूळ मूळचं माझं नाही. कॅन्ससमध्ये पाच वर्षं कुमुदमावशीच्या पिकअपमध्ये तिच्या शेजारच्या सीटवर बसून काढली, त्याचा हा परिणाम.

२००३ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कॅन्ससमधल्या विचिटा शहरात आलो. तो विमानांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा आणि मी त्याच्या व्हिसाला लावलेली पुरवणी होते. काम करायची परवानगी नव्हती. गणपतीत कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये मोदकांच्या रांगेत माझ्यापुढे एक साठीच्या बाई उभ्या होत्या. अंगावर नारायणपेठ, कपाळावर मोठं कुंकू आणि नखांत माती. वळून त्यांनी विचारलं, "काय करून राहिली तू दिवसभर?"

"काही नाही हो. कामाचा व्हिसा नाही ना."

"बसता तर येते नं? मग उद्यापासून माझ्या गाडीत बस. आणि मला अहोजाहो करू नको, उगाच म्हातारं झाल्यासारखं वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दाराशी पांढरी पिकअप उभी. तिच्या दारावर हिरव्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, 'अंगण'. हे कुमुदमावशीच्या धंद्याचं नाव. मावशी मूळची अकोल्याची, तिथल्या कृषी महाविद्यालयातली पदवीधर. काका, म्हणजे तिचे यजमान, विचिटात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. मुलं मोठी होऊन निघून गेल्यावर पन्नाशीत हिने हा उद्योग काढला. गावाबाहेर चाळीस एकर, कधी एकशेसाठ एकर जमीन घेऊन मधोमध एकटंच घर बांधणाऱ्या लोकांना घराभोवतीची जागा आखून, लावून द्यायची. माझं काम म्हणजे शेजारी बसायचं आणि थर्मासमधला चहा ओतायचा. तेही मला धड जमायचं नाही. "पुणेकरीण, अर्धा कप काहून गं?" असं ती रोज विचारायची.

तो सगळा गवताचा मुलूख. शहर संपलं की डांबरी रस्ता संपायचा, मग खडीचा रस्ता, आणि मग दोन्ही बाजूंना नुसतं गवत. जूनमध्ये ते हिरवं असायचं. ऑगस्टनंतर वाळायला लागायचं आणि हिवाळाभर तांबूस, मग पिवळट, मग जवळजवळ पांढरं होऊन उभं राहायचं. वारा सुटला की सगळी जमीनच एका दिशेला निघाल्यासारखी वाटायची. गाडी उभी असली तरी आपणच सरकतोय असा भास व्हायचा. मावशी कुणाशी बोलत असेल तेव्हा मी काचेला डोकं टेकून तासन् तास ते बघायचे. आपण कुठल्या देशात आहोत, आज वार कोणता, काही आठवायचं नाही. ते दिवस मला अजून अर्धवट झोपेतल्यासारखे आठवतात.

पण त्याच गवताला आग लागायची. वीज पडून, कुणाच्या ट्रॅक्टरची ठिणगी उडून, वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींवर आपटून. आणि शहरातून आलेली माणसं तिथे आपल्या खिडक्यांना टेकून पाइन आणि सीडर लावायची. सीडर दिसायला देखणा, बारा महिने गर्द हिरवा, पण आत सगळं तेल. मावशीला तो घराजवळ दिसला की ती जिभेने 'च्यक्' करायची.

तिचं म्हणणं सरळ होतं. "घर म्हणजे आत, रान म्हणजे बाहेर. मधात काही नको का? आपल्याकडे अंगण राहते. ह्यांनी रान थेट उंबऱ्याला आणून चिकटवलं." म्हणून ती पहिल्यांदा घराभोवती तीस पावलं मोजायची आणि तेवढ्यातलं सगळं वाळकं, उंच, तेलकट काढून टाकायची. तिथे खडी, सपाट दगड, मधून मधून बुटकी झाडं. त्यापलीकडे आखूड वाढणारं गवत. आग आली तर तिला इथे खायला काही मिळू नये, ती बाजूने निघून जावी. सरकारी पत्रकात याला काहीतरी लांबलचक नाव होतं, पण तिची गिऱ्हाइकं 'अँगन' म्हणायची. सहा फुटी गुराखी टोपी काढून गंभीरपणे "माझं अँगन कधी होणार?" असं विचारायचा, तेव्हा मला खिडकीबाहेर बघावं लागायचं.

नवीन जागेवर पहिल्या दिवशी ती काहीच करायची नाही. घडीची खुर्ची उघडून घराच्या समोर बसायची. वारा फिरला की खुर्ची फिरवायची. दुपारी पोळी-भाजी खायची आणि पुन्हा बसायची. मालक अस्वस्थ होऊन चार वेळा विचारून जायचा, सुरुवात कधी? "चालू आहे," ती म्हणायची. मधेच उठून मूठभर गवत तोडायची आणि कानाशी नेऊन चुरगाळायची. आवाजावरून तिला त्याचा वाळकेपणा कळायचा. मलाही तिने ऐकायला लावलं. मला सगळं गवत सारखंच वाजल्यासारखं वाटायचं, पण मी मान हलवायचे. तिलाही ते माहीत होतं.

एका दातांच्या डॉक्टरने तिला बोलावलं होतं. त्याला झुडपांचं रान साफ करून हवं होतं, पण मशीनचा आवाज नको होता. मावशीने साठ बकऱ्या भाड्याने आणल्या. त्यांनी तीन दिवसांत झुडपं साफ केली, चौथ्या दिवशी कुंपण ओलांडून डॉक्टरीणबाईंचे गुलाब साफ केले, आणि आम्ही पोचलो तेव्हा दोन बकऱ्या डॉक्टरांच्या नव्या उघड्या गाडीत मागच्या सीटवर बसून रवंथ करत होत्या. मावशीने शांतपणे गुलाबांच्या काड्या पाहिल्या आणि डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, "बरं झालं. आता जळायला तेही राहिले नाहीत." परत येताना मात्र रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून ती इतकी हसली की तिचं कुंकू विस्कटलं.

तिचं इंग्रजी चांगलं होतं, पण ते मराठीतून यायचं. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. त्यामुळे कुणाच्याही दारातून निघताना ती हात हलवून म्हणायची, "ओके, आय विल कम!" आणि निघून जायची.

याच वाक्यामुळे डोरिसबाईंशी तिचं गूळपीठ जमलं. डोरिसबाई ऐंशीच्या घरातल्या, शेतकऱ्याच्या विधवा. विचिटापासून दोन तासांवर, गवताच्या मधोमध एका लाकडी घरात एकट्या राहायच्या. पहिल्या भेटीनंतर मावशी सवयीने "आय विल कम" म्हणून निघाली. डोरिसबाईंनी कॉफी केली, केक काढला आणि अंधार पडेपर्यंत पोर्चवर बसून राहिल्या. दोन दिवसांनी मावशी गेली तेव्हा त्या जरा रागातच म्हणाल्या, "तू येणार होतीस." मग मावशीने कपाळावर हात मारला आणि सगळं समजावून सांगितलं. आमच्यात 'जाते' म्हणणं बरं मानत नाहीत. येते म्हणजेच निघते. डोरिसबाईंनी थोडा विचार केला. त्यांना ते फारच आवडलं. तेव्हापासून आम्ही निघालो की मावशी गाडीतून म्हणायची "आय विल कम" आणि डोरिसबाई पोर्चवरून ओरडायच्या, "गुडबाय टु यू टू!"

डोरिसबाईंचा मुलगा गॅरी विचिटात राहायचा. मावशीला त्यानेच बोलावलं होतं. त्याने आईला स्पष्ट सांगितलं होतं, घर आगीपासून सुरक्षित झालं तर तू इथे राहा, नाहीतर शहरातल्या वृद्धाश्रमात चल. माणूस वाईट नव्हता. रोज संध्याकाळी बातम्यांत वाऱ्याचा वेग ऐकून त्याचा जीव अर्धा व्हायचा. डोरिसबाईंना ती जमीन सोडायची नव्हती. "इथे नसले तर मग मी कोण?" असं त्या म्हणायच्या.

म्हणून मावशीने तिथे आपलं सगळं कसब लावलं. घराच्या तीन बाजूंना सुंदर अंगण झालं. खडी टाकली, ओट्यासारखे सपाट दगड बसवले, लोखंडी खुर्च्या मांडल्या. अडलं ते चौथ्या बाजूला. पश्चिमेला, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार हातांवर, अकरा सीडर ओळीने उभे होते. ते डोरिसबाईंच्या नवऱ्याने, वॉल्टने, लग्नानंतर वारा अडवायला लावलेले. त्यांना हात लावायचा नाही. मावशी वर्षभर दर पंधरवड्याला जाऊन कॉफी प्यायची आणि विषय काढायची. डोरिसबाई केक पुढे करायच्या.

मग डोरिसबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस विचिटाला आल्या. गॅरीने मावशीला फोन केला. "आत्ता पाडून टाका. तिने विचारलं तर माझं नाव सांगा." आम्ही तिथे गेलो. मावशीने करवत गाडीतून काढली, झाडांपाशी नेली, आणि खुर्ची उघडून बसली. मी थर्मासमधून चहा ओतला. वारा सीडरमधून जात होता, लांबून पाणी वाहिल्यासारखा आवाज येत होता. तासाभराने ती उठली आणि करवत परत गाडीत ठेवली.

"माणूस दवाखान्यात असताना त्याच्या दारातलं झाड तोडाव का गं?" ती म्हणाली. "डोळ्याची पट्टी निघाल्यावर तिनं पहिलं काय पाहाव, सांग बरं?"

मला तर त्या क्षणी ती फार थोर वाटली.

त्यानंतरच्या मार्चमध्ये ते घडलं. आठ दिवस पाऊस नाही, वारा नैर्ऋत्येचा, आणि गवत इतकं वाळलं होतं की त्याचा आवाज मलासुद्धा ओळखू आला. आम्ही डोरिसबाईंच्या पूर्वेला दहा-बारा मैलांवर एका जागी होतो. दुपारी मावशीचा मोबाइल वाजला. डोरिसबाई सांगत होत्या, पश्चिमेला धूर दिसतोय, मोठा आहे. त्यांनी गाडी चालवणं कधीच सोडलं होतं. आगीचा बंब गावातले लोकच चालवायचे आणि तो आधीच दुसरीकडे गेला होता. मावशी फोनमध्ये ओरडली, "डोरिस, गेटपाशी जाऊन उभी राहा! आय विल कम!"

आणि आम्ही सुटलो. ती गाडी इतकी जोरात चालवू शकते हे मला माहीत नव्हतं. आकाश चहासारखं झालं होतं. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. समोरून हरणं आली आणि आमची दखलही न घेता गाडीच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. मागोमाग ससे. राख इतकी सावकाश खाली येत होती की मला भीती वाटायच्या ऐवजी एक विचित्र शांतता वाटत होती. हे सगळं आपल्याला होत नाहीये, आपण नुसतं बघतोय, असं.

गेटपाशी कुणी नव्हतं.

मावशीने हॉर्नवर हात दाबून धरला. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग ती गाडी तशीच आत घालून घराच्या मागे घेऊन गेली. डोरिसबाई पश्चिमेला पाण्याची नळी धरून उभ्या होत्या आणि एकेका सीडरला पाणी घालत होत्या. सातव्या झाडापर्यंत पोचल्या होत्या.

"गेटपाशी का नाही आलीस?" मावशी किंचाळली.

डोरिसबाईंना खरोखरच आश्चर्य वाटलं. "वाऱ्यात मला शेवटचंच ऐकू आलं. तू म्हणालीस, आय विल कम. मला वाटलं, तू निरोप घेतलास."

मावशीचा चेहरा त्या वेळी जसा झाला तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. आम्ही दोघींनी डोरिसबाईंना धरून गाडीत बसवलं. पश्चिमेच्या उतारावर आता धुराखाली ज्वाळांची ओळ दिसत होती. मोठ्या रस्त्याला लागायला वेळ नव्हता. मावशीने समोरचा छोटा रस्ता ओलांडून गाडी सरळ शेजाऱ्याच्या कुरणात घातली. त्याने आठवड्यापूर्वीच, दरवर्षी जाळतात तसं, आपलं जुनं गवत जाळलं होतं. काळीभोर, भुसभुशीत जमीन. जे एकदा जळलं ते पुन्हा जळत नाही. त्या काळ्याच्या मधोमध तिने गाडी उभी केली, काचा वर केल्या आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

आम्ही तिघी एकाच सीटवर दाटीने बसून बघत होतो. आग गवतातून आली आणि खडीपाशी पोचून थांबल्यासारखी झाली. दक्षिणेकडून आली ती वळून गेली. उत्तरेकडूनही गेली. तेवढ्यात पहिल्या सीडरने पेट घेतला. दुरूनसुद्धा तो आवाज ऐकू आला. मग दुसरा, मग सगळी ओळ, आणि तिथून आग स्वयंपाकघराच्या पत्र्याखाली शिरली.

डोरिसबाईंनी मांडीवर हात जुळवून ठेवले होते. त्या म्हणाल्या, "खरं सांगू का? मला तिथे लिलॅक लावायचा होता, जांभळ्या फुलांचा. वॉल्टने मला विचारलंच नाही."

मावशीने त्यांचा हात धरला आणि ढसाढसा रडायला लागली. मीही रडले. डोरिसबाई मात्र आमच्या दोघींच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या.

त्यानंतर तीन आठवडे मावशीने पिकअप काढली नाही. मी तिच्या घरी गेले की डायनिंग टेबलाशी बियांची पाकिटं लावत बसलेली असायची. काका मला खुणेने सांगायचे, बोल तिच्याशी. एक दिवस तीच म्हणाली, "त्या दिवशी करवत चालवली असती तर घर राहिलं असतं."

मी म्हटलं, "अगं, पण तिने तुला कधी माफ केलं नसतं."

"नसतं केलं तर नसतं केलं. घर तर असतं."

मी आजही कधी तिच्या त्या दिवशीच्या निर्णयाच्या बाजूने विचार करते, कधी गॅरीच्या. तिने केलं ते बरोबर होतं असं मला मनापासून वाटतं, आणि ते घर जळताना मी पाहिलेलं आहे.

गॅरी आता आईला न्यायला मोकळा होता. तो सामान शोधायला जळलेल्या जागेवर आला तेव्हा डोरिसबाईंनी मावशीला बोलावून घेतलं, म्हणून आम्हीही गेलो. सगळीकडे काळं, आणि मधे एक चूल आणि वाकलेले पाइप. गॅरी फार हळुवारपणे म्हणाला, "आई, आता इथे काय राहिलंय? कशासाठी राहायचं?"

डोरिसबाईंनी बोट केलं. तीन बाजूंची खडी स्वच्छ होती. लोखंडी खुर्च्या जागच्या जागी होत्या, त्यांचा रंगसुद्धा उडाला नव्हता.

"अँगन आहे," त्या म्हणाल्या.

गॅरीने मावशीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा तिला दोष देणार. पण मावशीच आधी बोलली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या नेहमीच्या आवाजात. "चौथी बाजू राहिली आहे. ती मी पुरी करते. मग तुला नेववलं तर ने तिला."

तिने अकराच्या अकरा बुंधे खणून काढले. दोन महिने लागले. लिलॅक लावला तोही तीस पावलांच्या पलीकडे, मोजून. गॅरी दर रविवारी येऊन नुसता उभा राहायचा. शेवटी आईला म्हणाला, एक वर्ष राहून बघ इथेच.

२००८ च्या जूनमध्ये नवऱ्याला नोव्हायला नोकरी लागली. सामान गाडीत भरून आम्ही वाटेत निरोप घ्यायला डोरिसबाईंच्या जागेवर गेलो, कारण मावशी त्या दिवशी तिथे होती. त्याच दिवशी डोरिसबाईंचं नवं घर येणार होतं. कारखान्यात बांधलेलं तयार घर, दोन तुकड्यांत, दोन ट्रकांवरून. मावशीने माझ्या हातात पोळ्यांचा डबा दिला आणि म्हणाली, "थांब जरा. घर तेवढं खाली टेकू दे, मग बोलू."

पण घर टेकायला संध्याकाळ होणार होती आणि आम्हाला लांब जायचं होतं. नवरा दोनदा घड्याळाकडे पाहून गाडीत जाऊन बसला. मीही बसले. आम्ही खडीच्या रस्त्याला लागलो तेवढ्यात पहिला ट्रक समोरून हळूहळू आला आणि आम्ही कडेला झालो. अर्धं घर आमच्या काचेला घासून गेल्यासारखं पुढे गेलं. खिडक्यांना पडदे होते. उघडी बाजू प्लॅस्टिकने झाकली होती आणि ते वाऱ्यावर फडफडत होतं. भोवती गुडघाभर हिरवं गवत. त्या गवतातून एक घर चाललं होतं.

मी मान वळवून मागे बघत राहिले. डोरिसबाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर पर्स घेऊन. ट्रकच्या पुढे मावशी उलटी चालत होती. तिने दोन्ही हात पुढे केले होते, पहिली पावलं टाकणाऱ्या लेकराला बोलवतात तसे, आणि ती मराठीतच काहीतरी म्हणत होती. ते मला ऐकू आलं नाही. घर तिच्या मागोमाग येत होतं.